हलगीला ‘चीटिंग’ म्हणणाऱ्यांनो, आधी जलसा समजून घ्या



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर रविवारी संध्याकाळी स्टँडअप कॉमेडीचा ओपन माइक असायचा. ज्याला बोलायचे त्याने नाव नोंदवायचे, चार-पाच मिनिटे मिळतात, तेवढ्यात हसवून दाखवायचे. माझ्या ओळखीचा एक पोरगा, मूळचा बीडकडचा, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. त्याने नाव नोंदवले आणि मला म्हणाला, दादा, सोबत चला. त्याच्या खांद्याला हलगी लटकत होती.

त्याच्या आधी एक जण गिटार घेऊन आला. आवडती मुलगी आपल्याला भाऊ म्हणते, या दुःखावरचे गाणे म्हणाला. लोक हसले. पुढच्याने आरक्षणावर विनोद केला. डॉक्टर कोट्यातला निघाला म्हणून पेशंट ऑपरेशनच्या टेबलावरून पळाला, हा आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलेला शिळा विनोद. लोक त्यालाही हसले. मग आमच्या पोराचे नाव पुकारले. त्याने हलगी पुढे घेतली तोच सूत्रसंचालक म्हणाला, “भाई, हे स्टँडअप आहे. वाद्य नको. वाद्य म्हणजे चीटिंग.” मी खालूनच विचारले, मग मघाशी गिटार कशी चालली? तो क्षणभर अडखळला आणि म्हणाला, “गिटार पण कुबडीच आहे, पण निदान ते म्युझिक तरी आहे. हलगीचा नुसता आवाज होतो.”

पोराने हलगी खुर्चीखाली सरकवली आणि मोकळ्या हातांनी बोलायला उभा राहिला. चार मिनिटे बोलला. गावाबद्दल, आईबद्दल, पुण्यात खोली शोधण्याबद्दल. कोणी हसले नाही. शेवटी मात्र टाळ्या मोठ्या पडल्या. हसू नाही आणि टाळ्या भरपूर. याचा अर्थ काय होतो ते आपल्याला चांगले कळते. त्या टाळ्या त्याच्या विनोदाला नव्हत्या, त्याच्या ‘बिचारेपणाला’ होत्या.

खाली उतरल्यावर रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर आम्ही उभे होतो. पोराने तिथेच हलगी काढली आणि जे वर करायचे राहिले ते खाली केले. एकेका कडव्यात एकेक घरमालक. पहिला म्हणतो खोली तयार आहे, पाणी चोवीस तास, आजच सामान आणा. मग विचारतो, पूर्ण नाव? नाव ऐकले की पाणी अचानक अर्ध्या तासावर येते. दुसऱ्याकडे नाव ऐकले की भाचा अमेरिकेहून येणार असतो. तिसऱ्याकडे नाव ऐकले की भिंतीला ओल येते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी हलगी थांबते आणि तो विचारतो, पूर्ण नाव? तिसऱ्या कडव्याला टपरीवरची दहा-पंधरा माणसेच ओरडली, “पूर्ण नाव?” चहावाला हातातली किटली तशीच धरून हसत होता. एक रिक्षावाला डोळे पुसत होता. जो मजकूर वरच्या मजल्यावर रडगाणे ठरला, तोच खाली, हलगीवर, हास्याचा बॉम्ब झाला.

त्या दिवसापासून मी या प्रश्नावर विचार करतो आहे. स्टँडअपच्या जगात संगीताच्या विनोदाला दुय्यम मानतात. गाणे आले की हसवणे सोपे होते, मग ती खरी कॉमेडी नाही, असे हे शास्त्र सांगते. आपले तरुण आता या क्षेत्रात उतरत आहेत. दलित कॉमेडियन एकत्र येऊन ‘ब्लू मटेरियल’ या नावाने कार्यक्रम करू लागले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. म्हणूनच हे शास्त्र तपासून घेतले पाहिजे. दुसऱ्यांची शास्त्रे न तपासता मानण्याची किंमत आपण काही कमी मोजलेली नाही.

कुबडी कोणाची आणि पाय कोणाचे?

पहिली गोष्ट इतिहासाची. स्टँडअपला ‘शुद्ध’ म्हणणाऱ्यांना त्याचा जन्म ठाऊक आहे का? अमेरिकेत स्टँडअप हा प्रकार वॉडव्हिलच्या रंगमंचातून वर आला. तिथे गाणे, नाच, जादू, नकला आणि चुटके एकाच तिकिटात असत. चुटके सांगणारा माणूस दोन गाण्यांच्या मधली जागा भरायला उभा राहायचा. म्हणजे मूळ कार्यक्रम गाणे-बजावण्याचा होता आणि नुसते बोलणे नंतर सुटे झाले. आज ते सुटे झालेले बोलणे आपल्या आईबापालाच ‘चीटिंग’ म्हणते आहे.

आणि आपल्याकडे? जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले. भोळ्या कुणबी नवरा-बायकोला भटजी कसा लुबाडतो, ते दाखवणारे हे नाटक. त्यात एक विदूषक आहे. तो मध्ये मध्ये येतो आणि लबाडीवर बोट ठेवून प्रेक्षकांशी बोलतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो, खादाड असतो, स्वतःच हास्याचा विषय असतो. जोतीरावांचा विदूषक हसवतो आणि समोरच्याचे सोंग उघडे पाडतो. स्टँडअपवाले ज्याला आज ‘सत्तेला प्रश्न विचारणारी कॉमेडी’ म्हणतात, ती मराठीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माळ्याच्या पोराने लिहून ठेवली आहे. त्याच जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. म्हणजे टवाळी आणि गाणे ही दोन्ही हत्यारे आपल्या चळवळीच्या जन्मापासून तिच्या हातात आहेत.

१८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे सत्यशोधक जलसे आले. तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणातली देवाची आळवणी बदलली. गवळणीतली छेडछाड बदलली. बाई नाचवणे बंद झाले. राहिले काय? ढोलकी राहिली, तुणतुणे राहिले, बतावणी राहिली आणि सोंगाड्या राहिला. पुढे १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला. काळाराम मंदिर सत्याग्रहाने ढवळून निघालेला तो मुलूख. जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, पोहोचले तरी वाचणारा नव्हता, तिथे जलसा पोहोचला. मेलेल्या जनावराचे मांस का सोडायचे, पोरांना शाळेत का घालायचे, देवळाच्या दारात बसून काय मागायचे, हे सगळे रात्री चुलीची कामे आटोपल्यावर जमलेल्या माणसांना हसत-गात सांगितले गेले. कर्डकांचा एक जलसा माझ्या दहा सभांच्या तोडीचा, असे बाबासाहेब म्हणाल्याचे चळवळीत पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते.

आता मला सांगा, जलशातल्या बतावणीत एक माणूस उभा राहतो, लोकांकडे तोंड करून बोलतो, चालू काळावर शेरे मारतो, मध्येच गातो, मध्येच सोंग घेतो. याला स्टँडअप म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? विठ्ठल उमपांचे ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी पाहिले असेल त्यांना विचारा. कथा सांगता सांगता गाणे कधी सुरू झाले आणि गाता गाता चिमटा कधी बसला, ते कळत नसे. त्यांच्या समोर उभे राहून कोणी म्हणाले असते का, शाहीर, ढोलकी बाजूला ठेवा, चीटिंग होते आहे?

चालीवरचा विनोद काय काम करतो?

दुसरी गोष्ट कलेची. संगीत विनोदाला नेमके काय देते? मी चार गोष्टी मोजतो.

एक, अपेक्षा. यमक आणि ताल ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा शब्द आधीच पेरून ठेवतात. माणूस अर्धवट ओळखतो की आता हा शब्द येणार. तिथे दुसराच शब्द आला की हसू फुटते. कधी तोच शब्द येतो आणि तरी हसू फुटते, कारण तो यावा अशी सगळ्यांची इच्छा असते पण उच्चारायची कोणाची हिंमत नसते. टपरीवर तेच झाले. ‘पूर्ण नाव?’ येणार हे सगळ्यांना माहीत होते. नुसत्या बोलण्यात हे करायला दहा वाक्ये खर्ची पडतात. हलगीने ते दोन ठोक्यांत केले.

दोन, सहभाग. स्टँडअपच्या साच्यात एक माइक, एक दिवा, एक माणूस. बाकीचे अंधारात बसून हसायचे काम करतात. जलशात झीलकरी असतात. शाहिराने ओळ टाकली की ते उचलतात, आणि थोड्या वेळाने लोकही उचलतात. ज्याला बाजारात, पंचायतीत, वर्गात कधी तोंड उघडू दिले नाही, तो माणूस झील धरता धरता ती ओळ स्वतःच्या तोंडाने म्हणतो. ऐकणे आणि म्हणणे यात फार अंतर आहे. ऐकलेला विनोद माणूस विसरतो. तोंडाने म्हटलेली ओळ त्याची होते.

तीन, प्रवास. चुटका दुसऱ्याने सांगितला की पडतो, कारण त्याचा जीव सांगणाऱ्याच्या थांबण्यात असतो. गाण्यात थांबणे चालीत बांधलेले असते, म्हणून ते कोणाच्याही तोंडी टिकते. ज्या समाजाला हजारो वर्षे लिहू-वाचू दिले नाही त्याने आपला इतिहास, आपली चीड आणि आपली मस्करी कशात साठवली? गाण्यात. वामनदादा कर्डकांची गाणी कॅसेट येण्याच्या आधीपासून गावोगाव तोंडी फिरत होती.

चार, वळण. गोड चालीत कडू गोष्ट. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. सुरुवातीला वाटते, गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीत झुरणाऱ्या मुंबईच्या कामगाराचे हे गाणे आहे. ऐकणारा सैल होतो, मान डोलावतो. आणि मग गाणे त्याला धरून मुंबईच्या श्रीमंतीत, गरिबीत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणून सोडते. जो माणूस भाषणाला पाठ फिरवून गेला असता, तो अर्ध्या गाण्यात अडकलेला असतो.

पाचवी गोष्ट वेगळी मांडतो, कारण ती आपल्या लोकांच्या काळजाची आहे. स्टँडअपच्या आजच्या साच्यात ‘स्वतःबद्दल बोल’ हा नियम आहे. सवर्ण पोरगा स्वतःबद्दल बोलतो तेव्हा ब्रेकअपबद्दल बोलतो. आपला पोरगा स्वतःबद्दल बोलला की समोरच्यांना जखम हवी असते. तू तुझा अपमान सांग, आम्ही टाळ्या वाजवू आणि आपण किती पुरोगामी आहोत या समाधानात घरी जाऊ. ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांनी २०१८ च्या ‘नॅनेट’ या कार्यक्रमात हाच मुद्दा मांडला. जो आधीच कोपऱ्यात ढकललेला आहे त्याने स्वतःवर विनोद करणे ही नम्रता राहत नाही, तो स्वतःच स्वतःचा केलेला पाणउतारा होतो. त्यांनी हे सांगण्यासाठी विनोद करणेच थांबवण्याची भाषा केली. आपल्याला तेवढे लांब जायची गरज नाही, कारण आपल्याकडे सोंग आहे. कॅफेत आमचा पोरगा ‘मी’ म्हणून उभा होता, म्हणून त्याची कीव झाली. टपरीवर त्याने घरमालकाचे सोंग घेतले आणि हसे घरमालकाचे झाले. अपमान ज्याने केला त्याच्या दारात परत नेऊन टाकण्याची ताकद त्या सोंगात आणि त्या चालीत आहे.

सत्तेला काय बोचते?

कोणाला वाटेल, एवढे काय गाण्याचे कौतुक. तर २०२५ चा मार्च आठवा. कुणाल कामरा यांनी मुंबईत केलेल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. त्यात १९९७ च्या ‘दिल तो पागल है’ या सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे नाव न घेता, एक विडंबन होते. २३ मार्चच्या रात्री शिवसैनिकांनी खारच्या ‘हॅबिटॅट’ स्टुडिओची तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन तिथे पोहोचले. कामरांवर गुन्हा दाखल झाला.

त्या कार्यक्रमात बोलणे भरपूर होते. बड्या उद्योगपतींवर होते, दिल्लीच्या सरकारवर होते. पण स्टुडिओ फुटला तो गाण्यावरून. का? कारण बोलणे ऐकून लोक घरी गेले असते. गाणे दुसऱ्या दिवशी शाळकरी पोरांच्या तोंडी होते, लोकलमध्ये होते, विधिमंडळाबाहेर विरोधकांच्या तोंडी होते. ‘कुबडी’ म्हणून हिणवलेल्या वस्तूला सत्ताधारी एवढे घाबरत असतील, तर आपण तिला कुबडी समजणे हा अडाणीपणा आहे.

आणि इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. कामरांच्या बाजूने अग्रलेख आले, वकील उभे राहिले, न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिले. ते योग्यच झाले, आपणही त्यांच्या बाजूने उभे राहिलो. पण कबीर कला मंचाची पोरे आठवा. पुण्याच्या वस्त्यांमधली ही मुले डफावर जात आणि भांडवल यांची खिल्ली उडवत होती. २०१३ च्या एप्रिलमध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. सचिन माळी यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये. सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. इंग्रजी-हिंदी स्टँडअपवाल्यांपैकी किती जणांनी तेव्हा ‘अभिव्यक्ती’ हा शब्द उच्चारला? गिटारवर गायले तर कॉमेडी आणि डफावर गायले तर कटकारस्थान, हा न्याय त्या कॅफेतल्या सूत्रसंचालकाच्या न्यायापेक्षा फार वेगळा आहे का? त्याला हलगी ‘आवाज’ वाटली, यांना डफ ‘स्फोटक’ वाटला.

आक्षेपांची उत्तरे

आता समोरच्यांचे म्हणणेही प्रामाणिकपणे घेऊ. त्यांचा मुख्य आक्षेप असा की चालीच्या आड फुसका विनोद लपतो. लोक विनोदाला हसत नाहीत, सुरावर टाळी देतात. यात तथ्य आहे. मी कॅफेत ऐकलेले ते ‘भाऊ’वाले गाणे कागदावर लिहून वाचले असते तर कोणी ओठही हलवला नसता. पण यातून सिद्ध काय होते? वाईट संगीत-विनोद वाईट असतो, एवढेच. नुसत्या बोलण्यातही शिव्यांच्या आड, इंग्रजीच्या आड, मोठ्या आवाजाच्या आड किती फुसके विनोद लपलेले असतात! त्यावरून कोणी बोलण्यावर बंदी घालत नाही. मी दुहेरी परीक्षा सुचवतो. चाल काढून मजकूर वाचा. त्यात डंख राहिला नाही तर गाणे फुसके आहे. मग चालीवर ऐका. काहीच वाढले नाही तर चाल फुकट आहे. दोन्ही परीक्षांत उतरणारे ते खरे. अमेरिकेत टॉम लेहरर हा गणिताचा शिक्षक पियानोवर बसून अणुबॉम्बवर आणि वर्षातून एक आठवडा पाळल्या जाणाऱ्या वांशिक ‘बंधुभावा’वर गायचा. ती गाणी साठ वर्षांनंतरही कागदावर बोचतात आणि चालीवर दुप्पट बोचतात.

दुसरा आक्षेप मीच घेतो, कारण तो कोणी घेत नाही. संगीत-विनोद आपोआप पुरोगामी नसतो. अमेरिकेत १८३० च्या दशकात गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची गाणी-नकला करत आणि गोरे प्रेक्षक पोट धरून हसत. त्यातल्या एका गाजलेल्या गाण्यातल्या पात्राचे नाव जिम क्रो. पुढे काळ्यांना शाळा, गाड्या, हॉटेलांतून वेगळे ठेवणारे कायदे झाले, त्यांना लोक त्याच नावाने ओळखू लागले. एका विनोदी गाण्याचे नाव एका अस्पृश्यतेला मिळाले. आपल्याकडेही संत एकनाथांनी महाराच्या सोंगाची भारुडे लिहिली. त्यांत कळवळा आहे, हे कबूल. पण महाराच्या तोंडचे शब्द लिहिणारा हात पैठणच्या ब्राह्मणाचा होता, हेही विसरता येत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा: हलगी कोणाच्या हातात आहे आणि हसे कोणाचे होते आहे?

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, हलगी ही गुलामीची खूण आहे. गावाच्या मिरवणुकीपुढे, पाटलाच्या दारात, मयताच्या पुढे आपल्या बापजाद्यांनी ती सक्तीने वाजवली. धर्मांतरानंतर आपण ती टाकली. आणि तमाशाबद्दल तर बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी नाकारले, कारण ते महार समाजातल्या बाईला नाचवून मिळवलेले होते, ही आठवण आपण सगळ्यांनी ऐकली आहे.

ज्यांनी ती सक्ती सोसली त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण एवढे विचारतो. त्याच बाबासाहेबांनी जलशाला जवळ का केले? जलशात तर तमाशाचीच ढोलकी होती, तमाशाचीच बतावणी होती. याचे उत्तर सरळ आहे. त्यांनी शोषण नाकारले, स्त्रीच्या देहाचा बाजार नाकारला, हुकमावर वाजवणे नाकारले. ढोलकीच्या चामड्याला आणि आमच्या माणसांच्या तालाला त्यांनी नाकारले नाही. हुकमावर वाजवलेली हलगी ही महारकी होती. आपल्या मर्जीने, आपल्या मजकुरासाठी, घरमालकाचे सोंग उघडे पाडण्यासाठी वाजवलेली हलगी म्हणजे त्या महारकीचा राजीनामा आहे.

चूक आपलीही आहे

आता स्वतःकडे वळतो. कॅफेवाल्याला शिव्या देणे सोपे आहे. पण गेल्या काही वर्षांत मी ज्या जयंती समितीत काम करतो तिथे काय झाले? एका म्हाताऱ्या शाहिराचा बतावणीचा कार्यक्रम होता. आम्ही तो अर्ध्या तासावरून दहा मिनिटांवर आणला आणि पुढच्या वर्षी काढूनच टाकला. कारणे दोन. एक, डीजेला वेळ कमी पडत होता. दोन, काही जण म्हणाले, जयंतीला हसायचे काय, विषय गंभीर आहे. त्या बैठकीत मी गप्प बसलो. हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता. म्हणजे कॅफेने हलगी खुर्चीखाली ठेवायला लावली, आणि मी तिला मंडपाबाहेर काढायला मत दिले. यात जास्त मोठा गुन्हा कोणाचा, ते तुम्ही ठरवा.

हसण्याबद्दल आपण बिचकतो त्याला कारण आहे. आपल्यावर फार हसले गेले आहे. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळात वर्तमानपत्रांत आलेली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे ‘नो लाफिंग मॅटर’ या पुस्तकात एकत्र केली. ती पाहताना हात थरथरतात. देशाचे संविधान लिहिणाऱ्या माणसाला कसे बुटके, रडके, हट्टी रंगवले गेले! २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या व्यंगचित्रावर आपण आक्षेप घेतला तेव्हा मोठमोठे विद्वान म्हणाले, यांना विनोद कळत नाही. आम्हाला विनोद कळतो. तो कोणावर आहे हेही कळते, म्हणून तर त्रास होतो.

पण या जखमेचा परिणाम असा झाला की आपण हसणेच शत्रूच्या ताब्यात देऊन टाकले. गंभीर राहणे म्हणजेच निष्ठा, असे मानू लागलो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्तीवर औषध काय? चिकित्सा हे एक, आणि चिकित्सेची धाकटी बहीण म्हणजे टवाळी. रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले, हे मोजताना एखाद्या सोंगाड्याची बोटे कमी पडली असती आणि त्याने पायाची बोटे मोजायला चप्पल काढली असती. त्या हसण्यात आपल्या पुढाऱ्यांना जी लाज वाटली असती, ती शंभर निवेदनांनी वाटलेली नाही.

मग करायचे काय?

स्टँडअप करणाऱ्या आपल्या पोरा-पोरींना माझे सांगणे आहे. त्यांच्या व्याख्येत बसण्यासाठी तुमचे वाद्य खुर्चीखाली ठेवू नका. बोलायचे तर बोला, गायचे तर गा, पण निर्णय तुमचा असू द्या. गिटार येत असेल तर गिटार, रॅप येत असेल तर रॅप. हलगीच हवी असा माझा हट्ट नाही. कॅफेची दारे बंद असतील तर आपली बुद्धविहारे, समाजमंदिरे, वसतिगृहे, अभ्यासिका उघड्या आहेत. तिथला प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसेल, पण न पटलेल्या ओळीला टाळी देणार नाही, हे नक्की.

कार्यकर्त्यांना सांगणे आहे. चौदा एप्रिलला डीजेच्या वेळातून अर्धा तास काढा आणि तो बतावणीला द्या. आपापल्या गावात ज्यांनी जलसे केले, ऐकले, झील धरली, ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यांच्या समोर बसा आणि रेकॉर्ड करा. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला निदान काही माहीत आहे. बाकीचे आपल्या डोळ्यांदेखत चितेवर जाते आहे.

आणि नियम एकच ठेवा. हसे वरच्याचे करायचे, खालच्याचे नाही. बाईच्या देहावर, कोणाच्या व्यंगावर, आपल्याहून दुबळ्या जातीवर चाल बांधायची नाही. जलशाने बाई नाचवणे बंद केले होते, हे विसरून जलशाचे नाव घेता येणार नाही.

येत्या जयंतीच्या बैठकीत मी त्या म्हाताऱ्या शाहिराचे नाव पुन्हा मांडणार आहे. त्यांच्या जोडीला हलगीवर बीडकडचा तो पोरगा असेल, त्याने होकार दिला आहे. समितीत विरोध होईल, डीजेवाले ओरडतील. या वेळी मी गप्प बसणार नाही. तुम्हीही तुमच्या बैठकीत बसू नका.

जय भीम! जय जोती!